हेमांगीकडे बघ जरा

बसा, बसा मंडळी. मागच्यांनी थोडं पुढे सरका. पोरांनो, तुम्ही इथे, अगदी माझ्या पायाशी बसा. आजचं आख्यान आधी तुमच्यासाठी आहे, मग तुमच्या आईवडलांसाठी. त्यांना समजायला जरा वेळ लागेल, सांभाळून घ्या!

तर, एक प्रश्न. हात वर करून उत्तर द्यायचं नाही, मनातल्या मनात द्यायचं. दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात दुखतं. का दुखतं? त्यानं आपलं काही नेलेलं नसतं. आपल्या ताटातली भाकरी तशीच असते. तरी दुखतं! आणि पुढचा प्रश्न त्याहून अवघड. हे दुखणं घेऊन माणसानं करायचं काय?

दिगंबरराव, तुम्ही चाळीस वर्षं पेटी वाजवताय. उद्या ह्याच मंडपात कुणी तुमच्याहून गोड वाजवून गेला, तर?

बघा! काळी पाच दाबून ठेवली नुसती! कळलं आम्हाला, कळलं.

मन गेले परक्या दारी ।
पाय आपुल्या उंबऱ्यावरी ।
सांग आता रे श्रीहरी ।
घर कुठे माझे ॥

ही ओवी माझीच. शाळेतल्या पोरांसाठी जोडली होती. चाल साधी आहे, म्हणा माझ्यामागून...

छान! आता ऐका. हे आख्यान पुराणातलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. मी चौतीस वर्षं तरवडीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. तरवडी खाली कोकणात, खाडीच्या काठावर. तुमच्या गावाला खाडी नाही, म्हणून आधी खाडी समजावून सांगतो. नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, ती भरती. दोनदा मागे जातं, ती ओहोटी. पण त्याची वेळ घड्याळाला बांधलेली नाही! रोज पाऊण तास पुढे सरकते. मग तरवडीच्या माणसाला कसं कळतं? तो तिथी बघतो. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. आली भरतीची वेळ! काय गं, तू ती हिरव्या परकरातली, नाव काय तुझं? गार्गी? गार्गी, आज उत्सवाचा कितवा दिवस?

पाचवा. उत्सव पाडव्याला बसला, म्हणजे आज पंचमी. पाच त्रिक?

पंधरा! भागिले चार? घाबरू नको, सावकाश कर. मला घाई नाही... पावणेचार! शाब्बास! म्हणजे आज दुपारी पावणेचारला तरवडीची खाडी तुडुंब भरली होती. आणि ओहोटी? सहा तास मागे जा. सकाळी पावणेदहा! आज सकाळी पावणेदहाला त्या खाडीत पाणी नव्हतं, मांडीभर चिखल होता. लक्षात ठेव हं गार्गी, शेवटी तुला विचारणार आहे.

तर ह्या तरवडीत माझ्या वर्गात दोन मुलं होती. एक निवास तांडेल. घर अगदी काठावर, बाप माणसं पल्याड नेणाऱ्या होडीवर, आई चिखलात तिसऱ्या वेचणारी. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला जीव, खालच्या मुलखात आवडीनं खातात. दुसरी हेमांगी केळुसकर. पोस्टमास्तरांची मुलगी, घर वरच्या वाडीत. दोघंही हुशार! निवासचं डोकं तर असं की गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत ह्याचं उत्तर तयार. पण अक्षर? मुंगी शाईत बुडून वहीवर फिरली असावी! आणि हेमांगीचं अक्षर मोत्यासारखं.

मग मास्तर काय म्हणायचे? रोज म्हणायचे. वही तपासताना, पाढे म्हणताना, प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा म्हणायचे: ‘निवास, हेमांगीकडे बघ जरा!’

आणि मुलगा आज्ञाधारक हो! बघायला लागला. पुढची पंधरा वर्षं बघत राहिला.

तिला चौथीत शंभरपैकी नव्वद, ह्याला अठ्ठ्याऐंशी. हा घरी जाऊन जेवला नाही. दहावीत हा पुढे, तीन गुणांनी. त्या दिवशी तरी जेवावं ना? नाही! कारण हेमांगी पेढा घेऊन घरी आली आणि म्हणाली, ‘निवास, मला ठाऊकच होतं रे, तूच पहिला येणार.’ झालं! तिला वाईटच वाटलं नाही! मग ह्या पहिल्या नंबराला चव ती काय?

हसताय? हसा. तुमच्या शेजाऱ्यानं नवी गाडी दारात लावली, त्या दिवशी तुमच्या घरी कुणाचा घास कडू झाला, ते मी विचारणार नाही. देवळात बसलोय आपण.

पुढे दोघंही शहरात शिकली, पदवीधर झाली. आणि एक दिवस विद्यापीठाची जाहिरात आली. फेलोशिप! विषय व्यूहनीती, म्हणजे तुम्ही ज्याला स्ट्रॅटेजी म्हणता ती. मोठं काम हातात घ्यायचं तर ते कुठून धरायचं, कुठे जोर लावायचा, कुठे थांबायचं, ह्याचं शास्त्र. दोन वर्षं विद्यापीठात राहून शिकायचं, आणि मग जिल्ह्यांच्या, गावांच्या योजना आखायच्या. होडीवाल्याच्या पोराला ह्याहून मोठं दार कुठलं उघडणार? निवासनं ठरवलं, हे आपलं! बापाचे हात वल्ह्यानं सोलपटलेले त्यानं पाहिले होते. म्हणाला, ‘बाबा, माझं तेवढं होऊ दे, मग तुम्ही होडी सोडायची.’

अर्जासोबत एक आराखडा द्यायचा होता. तुमच्या भागातला एक प्रश्न घ्या आणि तो सोडवायची योजना लिहा.

आता निवासनं काय करायला हवं होतं? बसायचं आणि लिहायचं! पण ह्यानं पहिला फोन कुणाला केला?

बरोबर! सगळ्यांना कळलं!

‘काय गो हेमा, अर्ज करतेयस की काय?’

‘करतेय ना! तूपण कर. मी मुलींच्या शाळेवर लिहितेय. आपल्या तरवडीच्या मुली आठवी-नववीत गळतात ना, त्यावर.’

‘हां हां. चांगलंय,’ हा म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर ह्याच्या पोटात ओहोटी लागली. कारण ह्याच्या मनातही तेच होतं! ह्याच्या घरात धाकटी बहीण कुंदा आठवीत होती, महिन्यातून सात-आठ दिवस तिची शाळा बुडायची. हा विषय त्याच्या घरातला होता. पण आता तो हेमांगीनं घेतला. मग मला नको! मला हिच्याहून मोठा हवा!

म्हणून ह्यानं बंदराचा विषय घेतला. मासळी, बर्फ, शीतगृह. परदेशी पुस्तकांचे दाखले घातले. दोनदा विषय फिरवला, अकरा वेळा लिहून काढलं. आणि मधूनमधून मोबाईल उघडून बघायचा, हेमांगीचं कुठवर आलं? एके दिवशी तिनं स्टेटस ठेवलं: ‘गेला एकदाचा अर्ज!’ पुढे हात जोडल्याचं चित्र. ह्याचा अजून अर्धा बाकी! त्या दिवशी ह्याला स्वतःचा आराखडा शिळा वाटायला लागला. लिहिणारा तोच, कागद तेच. बदललं काय होतं? तिचं स्टेटस!

मन गेले परक्या दारी, पाय आपुल्या उंबऱ्यावरी...

तरी मुलगा हुशार. शेकडो अर्जांतून निवड होत होत गेली, आणि शेवटच्या एका जागेसाठी दोन नावं उरली. ती कोणती, सांगायला नकोच! विद्यापीठाचं पत्र दोघांना एकाच दिवशी आलं. आणि त्यात, मंडळी, एक विलक्षण गोष्ट होती.

त्या विभागाच्या प्रमुख लोहोकरे मॅडम. त्यांची एक रीत होती. शेवटच्या मुलाखतीत उमेदवारानं स्वतःच्या आराखड्यावर बोलायचं नाही. समोरच्याच्या आराखड्यावर बोलायचं. आणि तेही त्याच्या बाजूनं! आठ दिवस आधी एकमेकांचे आराखडे एकमेकांना पाठवायचे. पत्रात लिहिलं होतं, ‘ज्याला दुसऱ्याचं म्हणणं मनापासून मांडता येत नाही, त्याला कुठलीच योजना आखता येत नाही.’

देवानं जाळं कसं टाकलं बघा! पंधरा वर्षं जिच्यावर जळला, तिचीच वकिली करायची!

आठ दिवस निवासनं तो आराखडा वाचला. पण कशासाठी? चूक शोधायला! अहो, एका पानावर स्वल्पविराम चुकलेला सापडला तर दिवसभर खूश! आई म्हणाली, ‘काय रे झिला, आज गाणा म्हणतंस?’

आराखडा असा होता. तरवडीत शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीच्या पल्याड. होडी सकाळी साडेनऊला सुटते. पण तृतीया ते षष्ठी, दर पंधरवड्यात चार दिवस, नेमकी त्या सुमाराला ओहोटी. होडी चिखलात. मुलीची शाळा बुडते, अभ्यास मागे पडतो, मुलगी कंटाळते, घरचे म्हणतात राहू दे आता. हेमांगीनं लिहिलं होतं: नवी शाळा नको, पूल नको. हे चार दिवस शाळा सकाळची करा! साडेसहाला खाडीत पाणी असतं, तेव्हा होडी सोडा. सात ते साडेबारा शाळा. एकला पाणी पुन्हा चढलेलं असतं, परत या. शाळेची घंटा तिथीवर वाजवा!

कसं आहे? सुरेख आहे! निवासलाही ते कळलं. आणि मंडळी, इथे एक गुपित सांगतो. मत्सरी माणसाला दुसऱ्याचं चांगलं जेवढं बरोबर कळतं, तेवढं मित्रालाही कळत नाही. कारण जिथे चांगलं असतं, तिथेच त्याला दुखतं!

सहाव्या दिवशी त्याला चूक सापडली. स्वल्पविरामाची नव्हे. मोठी! ती चूक विद्यापीठातल्या कुणालाही दिसली नसती. वरच्या वाडीतल्या हेमांगीलाही दिसली नव्हती. ती काठावर राहणाऱ्यालाच दिसणार. निवासनं ती एका कागदावर लिहिली, घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. म्हणाला, बोलायचं तिच्या बाजूनं, नियम पाळायचा. शेवटी मॅडम विचारतीलच, ‘काही त्रुटी?’ तेव्हा हळूच काढू!

मुलाखतीचा दिवस उजाडला. मोठी खोली, पाच परीक्षक, मध्ये लोहोकरे मॅडम. आधी हेमांगीची पाळी. ती उभी राहिली निवासच्या बर्फावर बोलायला. आणि काय बोलली! म्हणाली, ‘ह्या आराखड्यात बर्फाचा कारखाना आहे, पण त्याचं खरं बळ तिसऱ्या प्रकरणात आहे. मासळी उतरली की पहिला तास कुणाच्या हातात असतो, हे निवासनं शोधलंय. तो तास बायकांच्या हातात असतो. बाकी सगळ्यांनी होड्या मोजल्या, ह्यानं हात बघितले.’

तिसऱ्या प्रकरणात एवढं आहे हे निवासला स्वतःलाच ठाऊक नव्हतं! आणि त्याला काय वाटलं? आनंद? छे! वाटलं, ही वाईट बोलली असती तर किती बरं झालं असतं! आता मीही चांगलंच बोलायचं? इथेही हीच पुढे?

उठला. खिसा चाचपला. कागद आहे. बोलायला लागला, नेटकं, थंड, एकेक मुद्दा. परीक्षक लिहून घेतायत. मग त्याला वाटलं, एक उतारा वाचून दाखवावा, वजन पडेल. त्यानं अकरावं पान उघडलं आणि वाचू लागला:

‘षष्ठीचा दिवस होता. काठावर एक मुलगी उभी होती. पाय घोट्यापर्यंत चिखलात, दप्तर डोक्यावर, हातात टोपली. ती पाण्याकडे बघत होती. मी तिला वरून हाक मारली, तिनं नुसता हात हलवला...’

आणि थांबला.

दप्तर डोक्यावर. घोट्यापर्यंत चिखल. टोपली.

अरे, ही तर कुंदा!

मंडळी, हे पान त्यानं आठ दिवसांत दहा वेळा वाचलं होतं. दहा वेळा! स्वल्पविराम दिसला. सख्खी बहीण दिसली नाही!

मॅडम म्हणाल्या, ‘निवास, पाणी हवंय का?’

‘नको मॅडम.’ मग त्यानं खिशातला कागद काढला. उघडला नाही, नुसता टेबलावर ठेवला. ‘मॅडम, मी हिच्या बाजूनं बोलायचंय ना? मग खरं बोलतो. ही मुलगी होडीची वाट बघत नाहीये. तिच्या हातात टोपली आहे. ओहोटी लागली की आमच्या वाडीतल्या बायका चिखलात उतरतात, तिसऱ्या वेचायला. सोबत हाताशी मुलगी लागते. ते दोन तास म्हणजे आमच्या घरची चूल. हेमांगीच्या घरून काठ दिसतो, पण टोपलीत काय आहे ते दिसत नाही. शाळा सकाळी सातला केलीत, तर आमची आई मुलीला पाठवणार नाही. ही योजना कागदावरच राहील.’

एक परीक्षक म्हणाले, ‘अहो, ही बाजू घेणं झालं की पाडणं?’

‘पुढे ऐका ना साहेब! ह्याच चार दिवसांत भरती कधी? दुपारी! तृतीयेला सव्वादोनला, षष्ठीला साडेचारला. म्हणजे साडेबारा ते सहा खाडी भरलेली असते. शाळा सकाळची नको, दुपारची करा! मुलगी आईबरोबर चिखलात जाईल, घरी येऊन अंघोळ करेल, जेवेल आणि होडीत बसेल. सहाला त्याच पाण्यावरून परत. एक शब्द बदलायचाय फक्त. बाकी सगळं हिचं, आणि सगळं बरोबर. ही घंटा तिथीवर वाजवायची कल्पना मला सात जन्मात सुचली नसती.’ मग तो हेमांगीकडे वळला, बोट तिच्याकडे केलं आणि परीक्षकांना म्हणाला, ‘हिच्याकडे बघा जरा.’

हेमांगी तर रडायला लागली. ‘अरे, मी कुंदाला वरून हाक मारली. खाली उतरलेच नाही रे.’

लोहोकरे मॅडमनी चष्मा काढला. ‘निवास, हे सगळं तुमच्या घरातलं. मग तुमच्या स्वतःच्या आराखड्यात हे का नाही लिहिलंत?’

तो म्हणाला, ‘मॅडम, मी घराकडे बघतच नव्हतो. मी पहिलीपासून हिच्याकडे बघतोय.’

आता तुम्हाला वाटेल, मॅडमनी उठून त्यालाच जागा दिली. नाहीतर दोघांनाही दिली. कीर्तनात असंच होतं ना? देव येतो, फुलं पडतात. नाही हो. जागा एकच होती. ती हेमांगीला मिळाली. दुरुस्त केलेला आराखडा तिच्या नावावर गेला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘एका शब्दाबद्दल निवास तांडेल ह्यांचे आभार.’

निवास गावी आला, तो आधी माझ्याकडे. मी ओटीवर बसलो होतो. म्हणाला, ‘मास्तर, झालं नाही माझं.’

‘आणि हेमांगीचं?’

‘झालं.’

‘मग? दुखतंय?’

खोटं बोलला असता तर मी हे आख्यान लावलं नसतं. तो म्हणाला, ‘दुखतंय मास्तर. बाबा अजून होडीवरच आहेत. पण एक कळलं. जिथे दुखतं ना, तिथे काहीतरी चांगलं असतं. आता दुखलं की मी खाली उतरून बघतो, काय आहे ते.’

मग हसला आणि म्हणाला, ‘मास्तर, तुम्हीच म्हणायचात, हेमांगीकडे बघ.’

मंडळी, त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण चौतीस वर्षं मास्तरकी केली, कधी कुणी छडी मारली नव्हती मला. त्या दिवशी लागली. मी ते वाक्य म्हणायचो, का माहीत आहे? सोपं पडतं म्हणून! मुलाच्या शेजारी बसायचं, त्याचा हात हातात घ्यायचा, एकेक अक्षर गिरवायचं, ह्याला वेळ लागतो. ‘हिच्याकडे बघ’ म्हणायला काय लागतं? मी त्या पोराला अक्षर शिकवलंच नाही. जळायला शिकवलं. ते तो पंधरा वर्षं गिरवत राहिला.

म्हणून आता तुम्हाला विचारतो. ताई, तुम्ही, तिसऱ्या रांगेतल्या. आणि दादा, तुम्ही खांबाला टेकलेले. आज घरी जाऊन मुलाला कुणाकडे बघायला सांगणार आहात? जाऊबाईंच्या मुलाकडे? वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे? सांगायच्या आधी एकदा त्याच्या शेजारी खाली बसा. त्याची टोपली बघा, आत काय आहे ते.

आणि पोटात ज्याच्या-ज्याच्या दुखतं, म्हणजे आपण सगळेच, मीसुद्धा, त्यांना एक गृहपाठ. मास्तर आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही! ज्याच्यावर जळता त्याचं नाव मनात घ्या. आलं? लगेच आलं! आता उद्या कुणापाशी तरी त्याची बाजू मांडा. मनापासून. एकदाच. दिगंबरराव, तुम्ही हसू नका, तुमचंही नाव मला ठाऊक आहे!

आता बुक्का लावायच्या आधी, गार्गी, उठ बाळ. आज पंचमी. पावणेचारला भरती. मग तरवडीच्या मुलींची शाळा आज कधी होती?

दुपारी! शाब्बास!

हो, ती घंटा आता तिथीवर वाजते. मागच्या वर्षीपासून. हायस्कूलच्या फळ्यावर तारखेच्या आधी तिथी लिहितात. आणि कुंदा नववीत आहे. घड्याळात किती वाजले, गार्गी?

सहा. म्हणजे शाळा आत्ता सुटली असेल. खाडीत अजून पुरेसं पाणी आहे. धक्क्यावर होडी लागली असेल, वल्हं बापाच्या हातात, आणि त्याच्या शेजारी निवास मुलींना एकेक करून हात देऊन आत घेत असेल. दप्तरं डोक्यावर नाहीत, पाठीवर आहेत.

रामराया, ती होडी अलगद पल्याड लाव. आणि आमची मनं ज्या-ज्या परक्या दारी जाऊन बसली आहेत, त्यांना संध्याकाळ झाली म्हणून हाक मार. घरी बोलाव.

म्हणा मंडळी...

मन गेले परक्या दारी ।
पाय आपुल्या उंबऱ्यावरी ।
सांग आता रे श्रीहरी ।
घर कुठे माझे ॥